रुग्णालयातली उमेदवारी

सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आता घरी जायला हरकत नाही." कॉटशेजारी बसलेली बायको लगेच आवराआवर सुरू करते. थर्मास, डबा, चादर, एक्स-रेचं मोठं पाकीट, सगळं पिशवीत जातं. गाडी घेऊन येणाऱ्या दिराला फोन होतो. हाताची सुई निघते, पेशंट घरचा शर्ट घालून कॉटच्या कडेला बसतो. मग बारा वाजतात, दोन वाजतात. वॉर्डातली सिस्टर सांगते, "फाईल बिलिंगला गेलीये." बिलिंगच्या खिडकीवर उत्तर मिळतं, "फार्मसीचं क्लिअरन्स आलेलं नाही." ते आल्यावर कळतं की विमा कंपनीने क्वेरी काढली आहे. संध्याकाळी सहाला सुटका होते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, सिस्टर मायेने वागलेल्या असतात, बिलही अवाच्या सवा नसतं. तरी ते कुटुंब घरी जाताना नऊ तास ताटकळल्याची आठवण सोबत नेतं.

या नऊ तासांत कामचुकारपणा कोणी केला? बहुतेक वेळा कोणीच नाही. आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, डिस्चार्जची समरी लिहीत होता, फार्मसीवाला परत आलेली औषधं मोजत होता, बिलिंगवाला नोंदी तपासत होता. प्रत्येक जण आपल्या टेबलावर इमानाने काम करत होता. टेबलांच्या मधल्या जागेला मात्र मालक नव्हता. रुग्णालय प्रशासन म्हणजे या मधल्या जागेची जबाबदारी घेणं, आणि ही जागा पाठ्यपुस्तकाच्या पानावर दिसत नाही. ती पायांनी चालून शोधावी लागते.

मी अनेक वर्षं रुग्णालयाच्या कारभारात घालवली आणि या विषयाचे विद्यार्थी हाताखाली घेतले. नव्या विद्यार्थ्याला पहिला आठवडाभर खुर्ची द्यायची नाही, असा माझा नेम होता. एक वही, एक पेन, मनगटावर घड्याळ, आणि काम एकच: डिस्चार्जच्या दहा फायलींच्या मागे चालायचं. फाईल कुठे गेली, कोणाच्या हातात किती मिनिटं होती, कोणाच्याच हातात नसताना किती वेळ पडून राहिली, एवढंच लिहायचं.

एका विद्यार्थिनीच्या वहीत पाचव्या दिवशी एक गोष्ट ठळक दिसू लागली. समरी अकराच्या आत टाइप होऊन तयार असायची. पण सही करणारे सर्जन तोवर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेले असत आणि ते बाहेर येईपर्यंत फाईल इनचार्ज सिस्टरच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडून राही. तिने सुचवलं, की उद्या घरी जाऊ शकतील अशा पेशंटांची यादी आदल्या संध्याकाळच्या राउंडलाच करावी, समरीचा कच्चा मसुदा रात्रपाळीच्या आरएमओने करून ठेवावा आणि सर्जननी थिएटरला जाण्याआधी सही करावी. सूचना साधी होती. ती गळी उतरवायला मात्र तिला सर्जन, आरएमओ, इनचार्ज सिस्टर आणि बिलिंगचे प्रमुख अशा चौघांशी वेगवेगळं बोलावं लागलं. ही पोरगी आपली चूक काढायला आलीये, असंच चौघांनाही आधी वाटलं. त्यांची समजूत घालण्यात तिचा महिना गेला. दोन वर्षांच्या पदवीत ती जे शिकली, त्यातलं सर्वांत मोलाचं त्या महिन्यात शिकली, असं ती पुढे स्वतःच म्हणायची.

राहिला विमा कंपनीकडून होणारा उशीर. त्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. नियम चांगला आहे. पण त्या तीन तासांचं घड्याळ रुग्णालयाने कागद पाठवल्यावर सुरू होतं. पेशंटचं घड्याळ सकाळी नऊलाच सुरू झालेलं असतं. नऊपासून कागद पाठवेपर्यंतचा वेळ सर्वस्वी रुग्णालयाचा, आणि तो कोणतंही परिपत्रक कमी करू शकत नाही. तो कमी करू शकतो तो फायलीमागे चाललेला माणूस.

हा वेळ वाचला तर काय होतं, याचा हिशेब मांडून पाहू. शंभर खाटांचं रुग्णालय आहे आणि सरासरी ८० खाटा भरलेल्या असतात. तीस दिवसांत झाले २४०० खाट-दिवस. प्रत्येक पेशंट सरासरी ५ दिवस राहत असेल, तर महिन्याला ४८० पेशंट दाखल होऊ शकतात. आता प्रत्येकाचा डिस्चार्ज फक्त पाच-एक तास आधी झाला, म्हणजे मुक्काम ४.८ दिवसांवर आला, आणि रिकाम्या झालेल्या खाटेवर पुढचा पेशंट लगेच आला, तर तोच आकडा ५०० होतो. एकही वीट न रचता, एकही नवी खाट न घेता महिन्याला वीस माणसांना जागा मिळते. हे गणित मी वर्गात दहा मिनिटांत शिकवू शकतो. पण ते पाच तास नेमके कुठल्या ट्रेमध्ये अडकले आहेत, हे वर्गात बसून कोणालाच सांगता येणार नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे: रुग्णालय प्रशासन वाचून समजतं, पण अंगी येतं ते उमेदवारीतून. त्यामुळे प्रात्यक्षिक प्रशिक्षण हे पदवीच्या शेवटी जोडलेलं शेपूट न राहता तिचा कणा व्हायला हवं.

उमेदवारी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आज तो निवडणुकीपुरता उरला आहे. पण पूर्वी वकिलाकडे, छापखान्यात, सोनाराच्या दुकानात, कचेरीत माणूस आधी उमेदवारी करायचा. जाणत्याच्या शेजारी बसून, छोट्या कामांपासून सुरुवात करून, चुका करत आणि त्या सुधारत तो तयार व्हायचा. इंटर्नशिप, प्रोजेक्ट, पोस्टिंग असे आजचे शब्द कालावधी सांगतात, ठिकाण सांगतात. उमेदवारी हा शब्द नातं सांगतो: शिकवणारा कोण, शिकणारा कोण आणि काम कोणाच्या नावावर.

रुग्णालयातल्या इतर व्यवसायांनी हे कधीच मान्य केलं आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप केल्याशिवाय डॉक्टर म्हणून कायमची नोंदणी मिळत नाही. नर्सिंगच्या मुली पहिल्या वर्षापासून वॉर्डात उभ्या राहतात. रुग्णालयाचे हिशेब तपासणारा सीए आर्टिकलशिप केल्याशिवाय सीए होत नाही. या सर्वांच्या कामाची मोट बांधणाऱ्या प्रशासकाकडून मात्र आपण अपेक्षा करतो, की त्याने वर्गात तक्ते पाहावेत, काही आठवडे कुठेतरी जाऊन यावं, एक बांधीव प्रोजेक्ट रिपोर्ट सादर करावा आणि मग थेट कारभार हाती घ्यावा. सरकारी व्यवस्थेत याच्या उलटं घडतं. उत्तम सर्जन किंवा भूलतज्ज्ञ ज्येष्ठतेने वर चढत जातो आणि एक दिवस त्याच्या टेबलावर निविदा, वेतनबिलं, लिफ्टची देखभाल आणि अग्निशमनाचे कागद येऊन पडतात. एकाकडे वैद्यकीय उमेदवारी आहे पण कारभाराची नाही, दुसऱ्याकडे कारभाराची पदवी आहे पण उमेदवारीच नाही.

या विषयाच्या इतिहासात डोकावलं तर मूळ वाट वेगळी होती असं दिसतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातात दिवा घेतलेली परिचारिका येते. तिच्या तयारीचा काळ कमी लोकांना ठाऊक असतो. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैझर्सवर्थ इथल्या संस्थेत ती सुमारे तीन महिने राहिली, तिथली शिस्त आणि कामाची वाटणी तिने आतून पाहिली. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका लहान रुग्णालयाची ती अधीक्षक झाली. तिथे तिने धरलेले आग्रह पाहा: गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर यावं आणि जेवण वर नेण्यासाठी लिफ्ट असावी. परिचारिकांचा दिवस जिने चढण्या-उतरण्यात जाऊ नये, हा त्यामागचा विचार. कमिटीशी वाद, कोळशाचा आणि कपड्यांचा हिशेब, नोकरांची व्यवस्था, हे सगळं तिने त्या वर्षभरात केलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ती क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांसाठी स्कुतारीला पोचली, तेव्हा तिच्याकडे सेवाभावाइतकीच कारभाराची उमेदवारीही होती. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मरत होते, हे तिने १८५८ मध्ये तिच्या प्रसिद्ध आकृतीतून मांडलं. त्या आकृतीमागे मोजण्याची आणि नोंदी ठेवण्याची सवय होती. १८६० मध्ये तिने सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तीही रुग्णालयाच्या आतच.

प्रशासनाचं स्वतंत्र शिक्षण त्यानंतर बऱ्याच उशिरा आलं. रुग्णालय चालवणं हा शिकून करायचा व्यवसाय आहे असं मांडणारं पुस्तक अमेरिकेत मायकेल डेव्हिस यांनी १९२९ मध्ये लिहिलं आणि १९३४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने शिकागो विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला. वर्गातल्या अभ्यासानंतर एखाद्या रुग्णालयाच्या प्रमुखाच्या हाताखाली राहून काम करण्याची रीत तिथे पुढे रुजली. आपल्याकडे मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेल्या, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला पहिल्यापासून मध्यवर्ती स्थान दिलं, आणि रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवीही ती देते. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलं. १९९२ मध्ये त्यांनी एक प्रशिक्षण संस्था उभारली, जिथे इतर नेत्र रुग्णालयांची माणसं येऊन कारभार शिकतात. चालतं रुग्णालय हाच तिथला मुख्य धडा असतो. महाराष्ट्राला तर हा विचार परका नाहीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' ही रीत घराघरात पोचवली. १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली. सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय आजही आपल्या विद्यार्थ्यांना खेड्यात मुक्कामाला नेतं. कामातून शिकणं आपल्याला माहीत आहे. रुग्णालयाचा कारभार मात्र आपण अजूनही कारकुनी समजतो, म्हणून त्याच्या उमेदवारीची तजवीज करत नाही.

मग या उमेदवारीतून नेमकं येतं काय? नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेली कौशल्यं मी इथे मोजणार नाही. मला दिसलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तक्रारीचं मोजमापात रूपांतर करणं. "ओपीडीत फार गर्दी असते" ही तक्रार झाली. विद्यार्थी दाराशी उभा राहून मोजतो: तासाला ६० पेशंट येतात, आणि केसपेपर काढल्यापासून औषध घेऊन बाहेर पडेपर्यंत प्रत्येकाला दोन तास लागतात. रांगांच्या शास्त्रात एक साधा नियम आहे, जो जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला: येणाऱ्यांचा वेग आणि राहण्याचा वेळ यांचा गुणाकार म्हणजे एका वेळी आत असलेली माणसं. म्हणजे कोणत्याही क्षणी १२० पेशंट आत आहेत. प्रत्येकाबरोबर निदान एक नातेवाईक धरला तर २४० माणसं. खुर्च्या ऐंशी असतील तर गर्दी का होते, हे विचारावंच लागत नाही. पण या गुणाकारातून उपायही दिसतो. दोन तासांचा दीड तास केला, तर आतले पेशंट १२० वरून ९० होतात आणि नातेवाईक धरून साठ माणसांची जागा मोकळी होते. नव्या खुर्च्यांनी फक्त थांबणं सुसह्य झालं असतं. सूत्र पुस्तकात आहे. कोणतं सूत्र कुठे लावायचं, हे दाराशी उभं राहिल्यावर सुचतं.

दुसरी गोष्ट, अधिकार नसताना काम करून घेणं. रुग्णालयात प्रशासक कोणालाच पूर्णपणे हुकूम देऊ शकत नाही. डॉक्टर आपल्या वैद्यकीय निर्णयाला उत्तरदायी, नर्सिंगची स्वतःची उतरंड, प्रयोगशाळेची स्वतःची. विद्यार्थ्याकडे तर पदही नसतं, आणि म्हणूनच त्याला ऐकण्याची कला लवकर येते. एका मुलाला मी जैववैद्यकीय कचऱ्याची पाहणी दिली होती. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा चार प्रकारांत कचरा वेगळा करायचा असतो, आणि सुया पांढऱ्या, टोचणार नाहीत अशा डब्यातच जायला हव्यात. तरी लाल पिशवीत सुया सापडत होत्या. त्याने आधी प्रशिक्षणाचा आणखी एक वर्ग घेण्याची शिफारस लिहिली. मग तो चार दिवस सफाईच्या मावशींबरोबर फिरला. मावशींनी त्याला दाखवलं, की पांढरा डबा वॉर्डाच्या टोकाला ठेवलेला आहे आणि लाल पिशवी कॉटच्या हाताशी. रात्री घाईत सुई जवळच्या पिशवीतच जाणार. डबे हलवले, सुया लाल पिशवीतून जवळजवळ गेल्या. ज्या बाईच्या हाताला त्या सुया टोचण्याचा धोका होता, तिलाच कारण ठाऊक होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट म्हणजे नियम आणि माणूस यांच्यामध्ये उभं राहता येणं. महाराष्ट्रात गरीब रुग्णांसाठी कायद्याने बऱ्याच वाटा आहेत. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यभर चालते आणि तिच्या रुग्णालयांत रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र बसतात. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, तसंच बिलाच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे, अशी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना आहे. पण दुपारी दोन वाजता बाळंतपणाच्या कळा देणारी बाई दारात असते, रेशनकार्ड गावी राहिलेलं असतं आणि सासऱ्याला सही येत नसते. त्या क्षणी आधी उपचार आणि मग कागद, हे ठामपणे सांगणारा, आणि कागदही नंतर नीट पूर्ण करून घेणारा माणूस लागतो. समाजसेवा विभागाच्या टेबलाशी पंधरा दिवस बसलेल्या विद्यार्थ्याला हे आयुष्यभर विसरता येत नाही. पुढे तो प्रमुख झाला की अनामत रकमेचा नियम लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे एक चेहरा असतो.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे: न घडलेल्या संकटाची काळजी घेणं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण प्राणवायूवाचून दगावले. या दोन तारखा मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो, त्या कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. औषधाची निवड, शस्त्रक्रियेचं कौशल्य, यांपैकी कशाचाही तिथे प्रश्न नव्हता. प्रश्न वीजवाहिन्यांचा, झडपांचा, दारांचा, रात्रीच्या पाळीचा होता, म्हणजे ज्याला आपण कारकुनी समजतो त्या कारभाराचा. विद्यार्थ्याने एकदा तरी अग्निशमनाची यादी हातात घेऊन रात्री दोन वाजता रुग्णालयभर फिरलं पाहिजे. आपत्कालीन दारापुढे जुन्या कॉट रचलेल्या आहेत का? सिलिंडर बदलायला रात्री कोण असतं, आणि तो सुट्टीवर असला तर कोण? वॉर्डातल्या नव्या सिस्टरला ऑक्सिजनची झडप कुठे आहे ते ठाऊक आहे का? दिवसा दप्तरात सगळं ठीक दिसतं. रुग्णालयाची खरी परीक्षा रात्री दोनला होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीचा अनुभव इथे आठवतो. एकोणीस मुद्द्यांची ती यादी नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. कागदाच्या एका पानाने हे साधलं, असं म्हणायचा मोह होतो. पण पान छापणं सोपं आहे. चाकू हातात घेतलेल्या सर्जनला क्षणभर थांबवून सगळ्यांनी आपापली नावं सांगावीत आणि सिस्टरने पेशंटचं नाव व शस्त्रक्रियेची जागा मोठ्याने वाचावी, ही सवय थिएटरमध्ये रुजवणं अवघड आहे. यादी वर्गात वाटता येते. ती रुजवायची कशी, हे थिएटरबाहेर उभं राहून, टाळाटाळ पाहून, पुन्हापुन्हा समजावून शिकावं लागतं.

आता या विचारावरचे आक्षेप. रुग्णालयाचे प्रमुख म्हणतात, की विद्यार्थी कामात अडथळा आणतात आणि त्यांना शिकवायला कोणाला वेळ आहे? यात तथ्य आहे. दहा विद्यार्थी एकदम पाठवले आणि त्यांच्यासाठी एकही माणूस नेमला नाही, तर ते अडथळाच होतात. पण रुग्णालयात कायम काम करणाऱ्या माणसाला आपल्या ओळखीच्या ट्रेमध्ये पडलेली फाईल दिसेनाशी होते. बाहेरून आलेल्या डोळ्यांना ती दिसते. विद्यार्थ्याला वेळ दिला तर त्याची ही नजरही घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: प्रात्यक्षिकाच्या नावाखाली फुकटचे हात मिळवले जातात. हे खरं आहे, आणि मी ते जवळून पाहिलं आहे. एका रुग्णालयात एका मुलीने पूर्ण दोन महिने फक्त जुन्या केसपेपरचे क्रमांक संगणकात भरले. शेवटी तिला सर्टिफिकेट मिळालं, त्यावर "उत्तम कामगिरी" असं लिहिलेलं होतं. ती काय शिकली, हे कोणी विचारलं नाही. दुसरीकडे असेही प्रोजेक्ट रिपोर्ट पाहिले, जे वर्षानुवर्षं एका तुकडीकडून दुसरीकडे जातात, फक्त नाव आणि साल बदलतं. अशा प्रशिक्षणातून कौशल्य तयार होत नाही. उलट एक घातक धडा मिळतो, की कारभार म्हणजे कागद रंगवणं. प्रात्यक्षिकाबद्दल आग्रह धरणाऱ्यांनीच या गैरप्रकारांविरुद्ध सर्वांत आधी बोललं पाहिजे. विद्यार्थ्याचं काम रुग्णालयाच्या उपयोगी पडत असेल तर त्याला विद्यावेतन मिळालं पाहिजे, निदान जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च तरी. नाहीतर उमेदवारी फक्त शहरात घर असलेल्यांना परवडेल, आणि तालुक्याच्या गावातून आलेली, ग्रामीण रुग्णालयांची दुखणी जन्मापासून पाहिलेली मुलं बाहेर राहतील.

तिसरा आक्षेप रुग्णांच्या बाजूने आहे. माझ्या आजाराची फाईल एखाद्या परक्या विद्यार्थ्याने का वाचावी? हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. उत्तर असं, की बहुतेक प्रशासकीय प्रश्नांना रुग्णाच्या नावाची गरजच नसते. फायलीला क्रमांक द्यावा, वेळा लिहाव्यात, निदान झाकावं. गोपनीयतेची शपथ पहिल्याच दिवशी घ्यावी आणि ती मोडल्यास प्रशिक्षण तिथेच थांबावं. खरं तर हाही उमेदवारीचाच धडा आहे. जिन्यात, कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये पेशंटबद्दल बोलायचं नाही, हे संयमाचं शिक्षण चालत्या रुग्णालयातच मिळतं.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा: नोकरी लागल्यावर शिकेलच की! शिकेल, पण ते कोणाच्या जिवावर? नोकरीतल्या माणसाला चूक कबूल करणं महाग पडतं. प्रश्न विचारला तर अज्ञान उघडं पडेल, अशी भीती त्याला असते. विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचा परवाना असतो. "हे असं का करतात?" हे त्याने विचारलं तर कोणी रागावत नाही. हा परवाना आयुष्यात एकदाच मिळतो आणि तो फार लवकर संपतो. त्या काळात चांगल्या माणसाच्या हाताखाली जो राहिला, त्याला पुढची वीस वर्षं तो काळ पुरतो.

म्हणून माझं आवाहन तिघांना आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या संस्थांनी प्रात्यक्षिक शेवटच्या सत्रात ढकलू नये. पहिल्या सत्रापासून आठवड्याचे ठरावीक दिवस विद्यार्थी रुग्णालयात असावेत, आणि एकाच मोठ्या खासगी रुग्णालयात नव्हे. काही काळ ग्रामीण रुग्णालयात, काही काळ महापालिकेच्या दवाखान्यात, काही काळ धर्मादाय संस्थेत. गुण द्यायचे ते जाड रिपोर्टला देऊ नयेत. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न शोधला, कोणाकोणाशी बोलला, काय बदललं आणि काय बदलता आलं नाही, यावर द्यावेत. न जमलेल्या गोष्टीचा प्रामाणिक लेखाजोखाही गुणांना पात्र असावा.

रुग्णालयांच्या प्रमुखांना विनंती आहे, की विद्यार्थ्याला टेबल देऊ नका, प्रश्न द्या. तुम्हाला खरोखर छळणारा एखादा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला हवं आहे. त्याच्यासाठी एक जाणता माणूस नेमा, आठवड्यातून एक तास त्याचं ऐका, आणि शेवटच्या दिवशी त्याच्या निष्कर्षांवर सर्व विभागप्रमुखांसमोर चर्चा करा. त्याने सांगितलेली एक गोष्ट जरी अमलात आणली, तरी त्याच्या शिक्षणाची फी तुम्हाला मिळाली असं समजा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. सर्टिफिकेट मिळेल, नोकरीही मिळेल. पण पहिल्या आठवड्यात खुर्ची मागू नका. सकाळी नऊला वॉर्डात जा, "घरी जायला हरकत नाही" हे शब्द ऐकू आले की घड्याळ पाहा, आणि तो पेशंट दाराबाहेर गाडीत बसेपर्यंत त्याच्या फायलीच्या मागे चाला. वाटेत फाईल जिथे जिथे थांबेल, ती प्रत्येक जागा तुमची आहे.